सावलीची सीट

सौदीत धाहरानहून अबकैकला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, माझ्या पुढच्याच सीटवर उमाकांतराव आणि तरुण शार्दूल मोबाईलवर बातम्या बघत होते.

“बघ, शार्दूल, सोडलं ना सीरियातल्या कुर्दांना वाऱ्यावर! इसिसशी लढायला तेवढे ते हवे होते. आता अमेरिका म्हणते, दमास्कसच्या नव्या सरकारशी जुळवून घ्या.”

“वाईटच झालं, उमाकांतराव. बरं, उद्याही तुमच्यासाठी इथेच रुमाल टाकून ठेवतो. सावलीची बाजू आहे.”

“उद्यापासून नको रे. मी हमदीच्या गाडीतून येणार आहे.”

“हमदी? तुमचा रुमाल बाजूला सारून खुशाल बसला होता, तो हमदी?”

“सुपरवायझर झालाय तो आता.”

“अहो, त्या रुमालावरून मी भर बसमध्ये त्याच्याशी भांडलो! तुम्हीच मागून ‘सोडू नकोस त्याला’ म्हणत होतात!”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आणि त्याच्या गाडीचा एसी काय गार आहे म्हणून सांगू!”

“मला तो आता रोज उन्हात ड्यूटी लावणार.”

“म्हणून तर सांगतोय, जुळवून घे त्याच्याशी.”

“मग तुम्हीच माझ्यासाठी शब्द टाका ना.”

“छे छे, तुम्हा दोघांच्या भांडणात मी कशाला पडू?”

“बरं. अमेरिकेचं काय म्हणत होतात तुम्ही?”

“निर्लज्ज लेकाचे! कामापुरतं जवळ करायचं आणि नंतर ओळखही द्यायची नाही. आणि हे बघ, उद्या गेटवर मी हमदीबरोबर दिसलो, तर हाक मारू नकोस हं.”