खालची रेघ

प्राची : …छे, काहीच दिसत नाहीये. तुझा अंगठा दिसतोय.

अभिराम : आता?

प्राची : आता बॅटरी. अजून उजवीकडे. हां, थांब. पांढरा डबा, आत पिवळं तेल.

अभिराम : बरोबर. फोन इथेच टेकवून ठेवतो. ब्रेक ऑइल आहे ते. डब्यावर दोन रेघा आहेत बघ. तेल खालच्या रेघेला टेकलं की मला सांगायचं. बस, एवढंच काम.

प्राची : म्हणजे तुझी गाडी खारघरच्या पार्किंगमध्ये, आणि मी उरणला आईकडे बसून फोनवर गाडीचं तेल बघायचं.

अभिराम : बायको माहेरी गेल्यावर माणूस काय करणार? ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, प्राची. एक पेडल मारायला, एक चाकापाशी. मी चाकाला नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलंय, म्हणजे चाकापाशी कोणी नको. पण दर पाच दाबांना उतरून बॉनेटमध्ये डोकावायचं, परत येऊन बसायचं… सकाळपासून गुडघे गेले माझे.

प्राची : शेजारच्या शौनकला हाक मार.

अभिराम : नको. तो हात लावत नाही, नुसते व्हिडिओ दाखवतो.

रंगूबाई : प्राचे, कोन हाय? जावय?

प्राची : हां आये.

रंगूबाई : सकाली सकाली? न्यायला येतंय?

प्राची : गाडी दुरुस्त करतोय.

रंगूबाई : परत? आपल्याच हातानं?

अभिराम : आईंना सांग, नमस्कार.

प्राची : तिला ऐकू येतंय तुझं. तुलाही येतंय तिचं.

अभिराम : ठीक आहे. मागचं डावं चाक झालंय, आता मागचं उजवं. मारतो. एक… दोन… तीन… हलतंय का?

प्राची : हलतंय.

अभिराम : दार उघडं ठेवलंय, इथून वाकलं की बाटली दिसते. आले! बुडबुडे आले! चार… पाच… आपल्या जाईची शाळा सोमवारी सुरू होतेय ना? रविवारी येतो तुम्हाला न्यायला.

प्राची : ह्या गाडीने नाही.

अभिराम : अगं, म्हणून तर मरतोय ना मी इथे!

प्राची : बारा दिवसांपूर्वीही मेलाच होतास. चावी देताना म्हणालास, एकदम कडक ब्रेक. नावड्याचा पूल उतरताना पेडल तळाला गेलं, अभि. समोर कंटेनर. मागे जाई गाणं म्हणत होती. हॅन्डब्रेक ओढला मी, तेव्हा कुठे—

अभिराम : माहितीये. शंभर वेळा सांगितलंस.

प्राची : तू एकदाही ऐकलं नाहीस. तेल कमी होतंय.

अभिराम : होऊ दे. बुडबुडे अजून येताहेत. सहा… सात…

प्राची : रेघेला टेकलं.

अभिराम : दोनच राहिलेत. तुला कुठल्याही परक्या मेकॅनिकवर विश्वास आहे, फक्त घरच्या—

प्राची : रेघेच्या खाली गेलं!

अभिराम : —घरच्या माणसाचे हात काळे झाले की तुला लाज वाटते, सरळ सांग ना—

प्राची : अभि, डबा रिकामा!

अभिराम : काय?

प्राची : रिकामा. तळ दिसतोय.

अभिराम : मग आधी सांगायचं ना!

रंगूबाई : तीन येला सांगलं तिनी. मी मोजत व्हती.

(स्क्रीनवर रिकामा डबा. मग लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज.)

प्राची : काय पडलं?

अभिराम : पाना.

प्राची : पडला की फेकलास?

अभिराम : फेकला! गेली ना आत हवा. आता चारही चाकं पहिल्यापासून. क्लचही ह्याच डब्यातून तेल घेतो, म्हणजे तोही गेला. तीन तास पाण्यात.

प्राची : अभि. मागच्या वेळीही असंच झालं होतं का?

अभिराम : कसं?

प्राची : डबा रिकामा झाला होता का?

अभिराम : थांब, पाना उचलतो.

प्राची : मी विचारतेय.

अभिराम : शेवटच्या चाकाला. थोडासाच. लगेच वरून तेल ओतलं मी.

प्राची : आणि परत पहिल्यापासून नाही केलंस.

अभिराम : खाली सगळे जमले होते गं. शौनक, त्याचे वडील, सेक्रेटरी. गॅरेजला न जाता एकट्याने केलं म्हणून पाठ थोपटत होते. मी सांगून बसलो होतो, झालं म्हणून. पेडल जरा मऊ लागलं. वाटलं, चालवली की बसेल.

प्राची : मऊ लागलं, तरी चावी दिलीस.

अभिराम : दिली.

प्राची : आणि वर म्हणालास, तू पाय नीट मारला नसशील. आयेसमोर म्हणालास.

अभिराम : म्हणालो.

प्राची : बारा दिवस, अभि. बसल्या जागी जमिनीवर पाय दाबून बघत होते मी. असाच दाबला होता का? की उशिरा दाबला? की घाबरून भलतंच पेडल दाबलं? जाईचा हात धरून रस्ता ओलांडायची भीती वाटायला लागली मला.

रंगूबाई : जेवताना पन पाय दाबतं. मी इचारलं तर बोलतं, मुंग्या आल्यात.

अभिराम : तुझा पाय बरोबर होता.

प्राची : आयेला ऐकू गेलं नाही.

अभिराम : आई, तिचा पाय बरोबर होता. ब्रेक मी बिघडवले होते. आणि मला माहीत होतं.

रंगूबाई : मंग आता ती गारी गॅरेजला दे, बाबा.

अभिराम : देतो. आजच टो करून नेतो. …प्राची? रविवारी येऊ?

प्राची : ये. बसने ये.

अभिराम : आणि गाडी मिळाली की?

प्राची : मिळाली की आधी मी चालवणार.

अभिराम : मी शेजारी बसतो.

प्राची : नको. तू जाईपाशी थांब.