ती फट भरू नका

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर बसून मागच्या बॅनरवर आपलं नाव नीट आलंय का हे मघापासून मान वळवून बघणारे मान्यवर, समस्त पाटीवाले, फ्लेक्सवाले, निऑनवाले, त्यांची घरची मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायचा म्हणून आपण जमलो आणि जे स्वतःच सगळ्यांना "बसा, बसा" म्हणत फिरत होते ते आमचे काका, सगळ्यांना माझा नमस्कार.

माईक हातात देताना अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "थोडक्यात बोल, आणि कुणाला चोर म्हणू नकोस." पहिली अट पाळायचा प्रयत्न करतो. दुसरीचं पुढे बघू.

मी काकांच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. माझं कॉलेज अर्ध्यात सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं. सरांशी वाजलं, वही तिथेच टाकली आणि तरातरा चालत सुटलो. वाटेत एक गृहस्थ शिडीवर उभे राहून बोर्ड ठोकत होते. वरूनच म्हणाले, "रिकामा दिसतोयस. शिडी धर." धरली. ती आजतागायत सुटलेली नाही. माझ्या वडिलांनी काकांना विचारलं होतं, "ह्याचं काही होईल का?" काका म्हणाले, "डोकं तापट आहे, पण हात स्थिर आहे. आपल्याला हातच लागतो." माझ्याबद्दल इतकं बरं तोवर कुणी बोललं नव्हतं.

काकांच्या कामाबद्दल मी काय सांगावं? ह्या सभागृहाच्या दारावरची पाटी त्यांची, खाली जिन्यावरचा बाण त्यांचा. पण काकांना विचाराल तर ते एकच सांगतील, "मी नुसता ठोकणारा. अक्षरं हिची."

ही म्हणजे काकू. आपल्यापैकी ज्यांनी काकूंना पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी त्यांची अक्षरं पाहिलीच आहेत. बाराखडी त्यांनी ट्रेसिंग पेपरवर हातानं काढली, मग काकांनी ती कंप्युटरवर चढवली. कागदांचं काय केलं? तेच, जे आपण सगळे करतो. स्प्रे मारताना रंग बाहेर उडू नये म्हणून कडेला लावून संपवले. फाइल आहे की, कागद कशाला?

आणि एवढ्या पाट्या करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारावर काय होतं? खडूनं लिहिलेलं नाव! काकू म्हणायच्या, "सगळ्या दुनियेची दारं सजवलीत, आपल्या दाराला कधी मुहूर्त?" काका म्हणायचे, "हे काम संपलं की." कामं कधी संपतात का? काकूच गेल्या.

आता काका दुकान बंद करून लेकीकडे राहायला जाणार. सामान बांधून झालं. मला म्हणाले, "बाकी सामान राहिलं तरी चालेल, तिकडे जाताना मला एक वस्तू न्यायचीच आहे. तिच्या अक्षरातली, आम्हा दोघांच्या नावाची पाटी. ती दाराला लागेल तेव्हाच मी त्या दारातून आत जाईन." मी कंप्युटर चालू केला. आतून टकटक असा आवाज आला आणि पडदा काळा. दुरुस्तीवाल्यानं डिस्क काढून कानाशी धरली, डॉक्टर छातीचे ठोके ऐकतो तशी, आणि मान हलवली.

तुम्ही म्हणाल, बॅकअप नव्हता? होता तर! त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. हसू नका. हसणाऱ्यांनी घरी जाऊन आपापला बॅकअप कुठे आहे ते आधी बघावं.

मी शिडी घेऊन काकूंच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढत फिरलो. फोटो तिरके, पाट्यांच्या कडा उन्हानं खाल्लेल्या. शेवटी संघटनेच्या ग्रुपवर लिहिलं, "काकांच्या अक्षरांची फाइल ज्याच्याकडे असेल त्यानं कृपया पाठवावी." सगळ्यांनी वाचलं. उत्तर कुणाचंच नाही. कसं असणार? फाइल आहे म्हणायचं तर ती आली कुठून, तेही सांगावं लागणार! मग माझी सटकली आणि मी जे लिहिलं ते अध्यक्षांनी तत्परतेनं पुसलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

काका मात्र शांत. दुकानाच्या पायरीवर त्यांनी रंगाचा एक रिकामा डबा ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, "टाका आणि जा. मी आत पाठमोरा बसलोय."

मित्रहो, डबा भरला! पेन ड्राइव्ह काय, सीडी काय, एकानं तर अख्खा मोबाइलच टाकला आणि नंतर लाजत परत मागायला आला. फायनल, फायनल नवीन, फायनल पक्कं, फायनल आता बास, अशा नावांच्या फाइली मी एकेक उघडत गेलो. अक्षरं काकूंचीच. मला नाचावंसं वाटलं. काकांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "ही नव्हे रे."

झालं होतं असं. काकू प्रत्येक अक्षराची शिरोरेघ उजवीकडे जराशी आधीच थांबवायच्या. दोन अक्षरं शेजारी आली की मध्ये बारीक फट. पाटीचं अॅक्रिलिक शेवटी प्लॅस्टिकच, उन्हात फुगतं. अख्खी शिरोरेघ एकसंध कापली की ती वाकते, मग तडकते. म्हणून ही फुगायला सोडलेली जागा. आणि ज्यांनी ज्यांनी फाइल... घेतली म्हणू या, त्या सगळ्यांना वाटलं, बाईंची चूक राहिलीय. सगळ्यांनी ती मोठ्या मायेनं दुरुस्त करून टाकली!

मी म्हटलं, "त्यात काय काका, मी परत कापतो फट."

"तू कापशील ती तुझी फट. ती प्रत्येक अक्षराला डोळ्यानं ठरवायची. क ला वेगळी, म ला वेगळी." एवढं बोलून ते उठले आणि बांधलेलं सामान उगाच पुन्हा बांधू लागले.

आता मला निऑनचे बोर्ड करणाऱ्या आपल्या निऑनमामांबद्दल बोलावं लागेल. मामा, तुम्ही खाली बघू नका. मागे एकदा काकूंच्या अक्षरातला बोर्ड मामांच्या दुकानातून बाहेर पडला, आणि मी तिथे जाऊन जो तमाशा केला तो निम्म्या सभागृहानं पाहिलाय, उरलेल्यांनी मोबाइलवर. चोर म्हणालो. मामा ऐकत राहिले. त्यांची मुलगी कटिंग मशीनवर होती. तिनं पातं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "झालं असेल तर जाताना दार लावून घ्या, एसी चालू आहे." त्या दिवसापासून माझं जेवणाकडे लक्ष... असो. आजचा विषय काका आहेत.

तर काका सामान बांधत असताना भर दुपारी मामा आले. डब्यापाशी थांबले नाहीत, थेट आत. त्यांच्या हातात जुनापुराणा कंप्युटर, मागे मुलगी मॉनिटर घेऊन. मी बघत उभा. ती म्हणाली, "शिडी धरता येते म्हणे तुम्हाला. मॉनिटर जमेल?"

जोडाजोड झाली. फोल्डरचं नाव होतं, "वहिनी. हात लावू नये." उघडला. प्रत्येक फट जागच्या जागी.

काकांनी चष्मा पुसून एकेक अक्षर तपासलं. मग म्हणाले, "म्हणजे पोरगा खरंच बोलला होता. तू उचललीस."

मुलगी म्हणाली, "बाबा, आता तरी सांगा. नाहीतर मी सांगते."

"उचलली नाही, दादा," मामा म्हणाले. "वहिनींनी दिली. माझं दुकान नवं होतं, बोर्ड तडकायचे, गिऱ्हाइकं परत आणून आपटायची. तुम्हाला विचारायला आलो तर तुम्ही साइटवर. वहिनींनी आपल्या हातानं फाइल उतरवून दिली. म्हणाल्या, ही फट तेवढी भरू नका. आणि ह्यांना सांगू नका, उगाच चिडतील."

"आणि हा तुला चारचौघांत चोर म्हणाला तेव्हा?"

"शब्द दिला होता ना."

काकांचा चेहरा उतरला. "खिडकीच्या पडद्याचा रंगसुद्धा ही मला विचारून घ्यायची," ते म्हणाले. मामांकडे बघतही नव्हते. मला वाटलं, आता हे फाइल नको म्हणतात. पण ते मॉनिटरजवळ सरकले, एका अक्षराच्या फटीवर बोट ठेवलं आणि काकू समोर असाव्यात तसे त्या अक्षराशीच बोलले, "बरं केलंस. विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं."

मामा, तुमच्याबद्दल मी तेव्हा जो शब्द वापरला तो ह्याच माईकवरून परत घेतो. इतरांबद्दल अध्यक्षांशी बोलून ठरवीन.

पाटीसाठी शीट एकानं दिली, पॉलिश दुसऱ्यानं केलं. कापली मामांच्या मशीनवर, त्यांच्या मुलीनं. शीट मी धरली होती. आणि संघटनेनं आता ठराव केलाय की प्रत्येकानं आपल्या फाइलींची एक प्रत दुसऱ्याच्या दुकानात ठेवायची. इतकी वर्षं आपण हेच करत होतो, आता फक्त सांगून करायचं. माझी प्रत निऑनमामांच्या दुकानात ठेवावी, असा अर्ज मी केलाय. मामा म्हणाले, विचार करतो. मुलीनं विचारलं, "आठवड्यातून एकदा आणणार की रोज?" मी रोज म्हटलं. ती नाही म्हणाली नाही.

काका, तुमच्यासमोर टेबलावर कापडाखाली जे आहे ते तुम्हाला न्यायचंय. काकूंचं नाव वर आहे, तुमचं खाली. तुम्हीच तसं सांगितलं होतंत. तिकडच्या दारावर ऊन कितीही येवो, ती तडकणार नाही.

एवढा वेळ माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला लागलं असेल, तर पोरगं समजून पदरात घ्या. माझ्या बोलण्यात ज्या फटी राहिल्या असतील त्या मात्र भरू नका. तेवढी जागा असू द्या.

काका, ओढा ते कापड.