दगडात शंभर, कागदावर एकशे अठ्ठावीस

…अन् वरून लोक मलेच विचारते, चेहरा काहून पडला म्हणून! पडन नाही तं काय होईन? तुम्हाले सांगतो, शेलच्या गॅसचा अंदाज सांगायचा धंदा दुश्मनानंही करू नये. मी राहतो हुडकेश्वरले, ऑफिस धंतोलीत, अन् विहीर कुठं? सात समुद्रापलीकडं! तिच्यातून तीस वर्षांत गॅस किती निघन, ते मी इथं कूलरसमोर बसून सांगतो, अन् त्या भरवशावर मुंबईची एक कंपनी तिथं अजून चाळीस विहिरी खोदणार, बोला! बरं, शेल म्हणजे महा चिवट दगड. गॅस भरपूर, पण सासुरवाडीत मुक्काम ठोकलेल्या जावयासारखा… हलतच नाही! आहे तं आहे जी, पण निघाला पाहिजे ना!

तं झालं काय, विहिरीचे आकडे आले सहाच महिन्यांचे. पहिल्या महिन्यात धो-धो, सहाव्यात अर्ध्यावर. आता सहा महिन्यांचं लेकरू पाहून त्याची साठीतली तब्येत कोण सांगन? पण आमचे मालक ताराचंदजी टेबलावर बोट आपटून म्हणते, "अश्विनजी, किंतु-परंतु नहीं, आकडा बोलो!" ओढली मी रेषा पुढं. ती उतरते, उतरते… पण खाली टेकतच नाही! तिले कुठंतरी थांबवा लागते, ते मी विसरलो, अन् कम्प्युटर बापडा मोजतच गेला, मोजतच गेला… एकशे अठ्ठावीस कोटी घनफूट! ताराचंदजी खुश! ऑफिसभर संत्रा बर्फी, आकडा मुंबईले रवाना, अन् मले काचेची केबिन, दारावर नावाची पाटी!

रविवारी जेवता जेवता माझा हात थांबला. दगडात एकूण गॅस किती? शंभर. अन् मी काढून राहिलो एकशे अठ्ठावीस! शंभर लिटरच्या टाकीतून एकशे अठ्ठावीस लिटर, कोणत्या नळानं जी? खरकट्या हातानं लॅपटॉप उघडला, रेषा थांबवली, पुन्हा मोजलं… बत्तीस. फक्त बत्तीस! बायको, दीपमाला, म्हणते, "अवो, सांगून टाका ना, काहून जिवाले खाऊन राहिले?" आहे तं आहे वं, पण तोंडातून निघाला पाहिजे ना!

सोमवारी सांगितलं. ताराचंदजीनं शांतपणे चहा संपवला. "दगड कितने फुट का पकड़ा?" म्हटलं, थर नव्वद फुटांचा. "तो डेढ़ सौ कर दो!" अहो, दगड आहे तो! पाणी टाकून वाढवायले काय भज्याचं पीठ आहे? "गॅस मावत नहीं, तो दगड बड़ा करो," म्हणे, अन् गेले हात धुवायले! पण सही माझी आहे ना जी! चाळीस विहिरी खोदतीन लोक माझ्या सहीवर! मी घाबरट माणूस, पण लावला सरळ मुंबईच्या कंपनीच्या साहेबाले फोन. "साहेब, चुकलो. एकशे अठ्ठावीस नाही, बत्तीस."

तिकडून एकदम गार आवाज, "अहो अश्विनराव, एवढं काय मनाला लावून घेता? तुम्हा अंदाजवाल्यांचा आकडा आम्ही नेहमी चौथाईच धरतो."

चौथाई! एकशे अठ्ठाविसाची चौथाई किती? करा हिशेब… बत्तीस! बरोब्बर बत्तीस! म्हणजे माझ्या चुकीतून त्यायनं खरं काढून ठेवलं होतं! मी ओरडलो, "साहेब, मंग बत्तीसच धरा ना!"

"छे हो, नियम म्हणजे नियम. बत्तिसाचे झाले आठ. आठावर विहिरी नाही परवडत." ठक्! फोन बंद.

चाळीस विहिरी गेल्या, काम गेलं, ताराचंदजीनं पाटी स्वतःच्या हातानं काढली. अन् गॅस? तो बसला तिथंच, आरामात! आहे तं आहे जी, पण निघाला पाहिजे ना!

दीपमाला म्हणते, "पुन्हा फोन करा, अन् पहिलाच आकडा बरोबर होता म्हणा." ऐका! म्हणजे साहेबाच्या डोक्यात खरं घालाचं असन, तं मले खोटंच बोला लागन! लाज वाटते हो, खरंच वाटते… पण काय करता?

सकाळपासून तेच करून राहिलो. साहेब फोन उचलून नाही राहिला.