वेशीतून पहिला बैल कोणाचा

विषय : गावच्या वेशीचे लोकसहभागातून पुनरुज्जीवन.
संदर्भ : आमचे गाव बारामतीच्या शहर हद्दीत गेले, ते.

तर मंडळी, चहा घेता घेता ऐका. नगरपालिकेच्या साहेबांनी वेशीपाशी सभा घेतली. "वारसा तुमचा, सूचनाही तुमच्याच हव्यात," म्हणाले.

शंकरतात्या लगेच उठले. "वेस खुशाल नवी करा. पण पोळ्याला तिच्यातनं पयला बैल आमचाच जाणार."

भिवाआबा बसल्या जागेवरून म्हणाले, "तात्या, तुमच्या दारात ट्रॅक्टर हाय. बैल हाय कुठं?"

"बैल इकत आणीन. मान इकत मिळत न्हाय."

पुढची सगळी सभा यावरच चालली. साहेब मधूनमधून नकाशा दाखवत होते, पण तिकडे कोणी पाहिले नाही. शेवटी त्यांनी इतिवृत्तात नोंदवले : रहिवाशांचा सहभाग उत्स्फूर्त. हरकत नाही.

वेस देखणी झाली. उसाच्या ट्रॉल्या धडकू नयेत म्हणून नकाशाप्रमाणे कमानीत लोखंडी खांबही रोवले गेले. पोळ्याला तात्यांनी खरेच बैल विकत आणला. तो आणि आबांचा, दोन्ही बैल झुली पांघरून खांबांपुढे उभे राहिले. माणूस अंग चोरून पलीकडे जात होता, बैल काही जाईना.

"आबा, आता वं?" तात्यांनी विचारले.

"आता काय, अर्ज. खांब काढा म्हणून. दोघं मिळून करू."

हा एकोपा पाहून मला गहिवरून आले. अर्ज मीच लिहून दिला. पहिली सही कोणाची, हे न ठरल्यामुळे तो अद्याप प्रलंबित आहे.