जिल्हा फिटनेस सेंटरचा उतार

...न्हाई, पण पायऱ्या ठेवायच्याच कशाला म्हणतो मी! जिमला माणूस व्यायामाला जातो का गड चढायला? तुम्हाला सांगतो, आमच्या उदगीरला हणमंतरावानं जिम टाकली आन नाव काय दिलं, तर ‘जिल्हा फिटनेस सेंटर’. उदगीरचा जिल्हा व्हायचाय अजून, पाटी आधीच लागली! आता आमच्या गल्लीतली शिवगंगाक्का... बांगड्यांचं दुकान हाय तिचं, लहानपणी पोलिओनं पाय गेलेले, हातानं चालवायची तीनचाकी घेऊन गावभर फिरती. तर तिचा खांदा धरला. डॉक्टर म्हणले, व्यायाम करा, न्हाईतर हातबी जातील. गेली बिचारी जिमला... बिचारी म्हणलेलं ऐकलं तर मारंल मला! पायऱ्यांखाली थांबून म्हणली, इथं उतार करा की. हणमंतराव काय म्हणावा?

‘‘अक्का, जिल्हा होऊ द्या, मग करू.’’

बायकांना वेगळी वेळ? जिल्हा होऊ द्या. पंखा बंद पडलाय? जिल्हा होऊ द्या! अक्का आपली रोज येती, रोज विचारती, रोज माघारी.

तेवढ्यात पडला की दुष्काळ! तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय, इकडं जिमचा बोर आटला. टँकरवर ड्रम भरायचे आन पायऱ्यांवरून वर चढवायचे... आरशात दंड बघणारे पहिलवान एकेक करून गायब! हणमंतरावाची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी गवंडी हजर... ड्रम लोळवायला उतार! आता का नाही म्हणला, जिल्हा होऊ द्या? आन पहिल्या ड्रममागं वर कोण चढलं? अक्काची तीनचाकी!

आत गेली तर परत आलेल्या पहिलवानांचं नवीनच संकट. टाळ्या! हिनं वजन उचललं, टाळ्या. घाम पुसला, टाळ्या. एकजण तर डोळे पुसायला लागला! अक्कानं बघितलं, बघितलं, आन वजन खाली ठेवलं.

‘‘टाळ्या बंद करा,’’ म्हणली, ‘‘आन वजन वाढवा.’’

तुम्हाला सांगतो, हणमंतरावानं स्वतः वजन वाढवलं. तिनं दात-ओठ खाऊन उचललं... एकबी टाळी न्हाई. तवा कुठं हसली बघा ती!

आता खांदा मोकळा झालाय, तिच्या मागं आमच्याच गल्लीतला, डोळ्यानं अधू सिद्धरामबी यायलाय. पाऊस झाला, ड्रम गेले, उतार ऱ्हायला. आन त्या उतारावर आता काय उभं असतंय? मोटारसायकली! पहिलवानांच्या! अक्का खालून घंटी वाजवत बसती, एकेकजण धापा टाकत येतो, गाडी ढकलतो, परत वर जातो. मी म्हणलं, अक्का, भांड की जरा. तर म्हणती कशी,

‘‘जाऊ द्या... तेवढाच त्यांचा व्यायाम होतो.’’