सैल केस

दातांच्या दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता, म्हणून शिक्षिकाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या बापलेकीकडे होते.

"तोंड पाडून का बसलीयस? दात माझा काढायचाय."

"प्रयोगाचं डोक्यात आहे, बाबा."

"तोच ना, काचेवर केस उगवायचा?"

"केस नाही, रेणूंच्या साखळ्या. एक टोक काचेला पक्कं बांधलेलं. आम्हीही त्याला ब्रशच म्हणतो."

"मग जन्मभर रंगाचे ब्रश बांधणाऱ्या बापाला सांग की."

"साखळ्यांना चमकणारा रंग लावलाय. लेझरनं एक ठिपका विझवायचा. साखळ्या बांधलेल्या असतील, तर तो काळाच राहायला हवा. माझा पुन्हा चमकायला लागतो."

"म्हणजे शेजारच्या सरकून तिथं येतात."

"सर खूश आहेत. म्हणतात, बांधलेल्या साखळ्याही चालतात, हा नवाच शोध. उद्या लेख पाठवतायत."

"ब्रश विंचरलास का?"

"विंचरायचा?"

"बांधून झाला की विंचरून सैल केस काढतात."

"आमच्यात न बांधलेल्या साखळ्या धुऊन काढतात. दिवसभर धुवायचं असतं. मी तासाभरात उरकलं."

"आणि सरांपुढे मूग गिळून बसलीस."

"सहा महिन्यांचं काम आहे, बाबा."

"मी एकदा डझनभर ब्रश न विंचरता दिले होते. एका घराच्या दारावर रंगात केस अडकलेत. अजून त्या दारासमोरून जाताना मी रस्ता ओलांडतो."

आतून बाबांचा नंबर पुकारला.

"तुम्ही व्हा पुढे," मुलगी उठली, तशी शिक्षिकाबाईंनी पाय आवरून तिला वाट दिली. "मी सरांना फोन करून आलेच."