चाकाखालचे दगड

ऐका. जरा जवळ सरका. धुराच्या बाजूला बसू नका, डोळे चुरचुरतील. वजनकाट्यावर रांग केवढी आहे, बघितलीत ना? उजाडेपर्यंत तुमच्या उसाचा नंबर काही लागत नाही. तेव्हा ऐका.

ही गोष्ट बिराची. बिरा कोळेकर. धनगराचा पोर, पण ट्रॅक्टरवर बसला तो बसलाच. तुमच्यासारख्याच दोन ट्रॉल्या जोडून ऊस आणायचा. ह्याच कारखान्याला, तुम्ही आलात त्याच खिंडीतून. तेव्हा खिशात फोन नव्हते कुणाच्या. निरोप यायचा तो एसटीच्या कंडक्टरबरोबर.

खिंडीच्या अलीकडं, पायथ्याला, गुंडाप्पाची चहाची टपरी होती. शेजारी पोलिसांची चौकी. चौकीच्या भिंतीवर एक काळा फळा. या महिन्यात मृत इतके, जखमी इतके. खडूनं लिहिलेलं. महिना संपला की जमादार ओल्या फडक्यानं पुसायचा आणि नवा महिना मांडायचा. पावसाळ्यात आकडा खाली. दिवाळी झाली, ऊस सुरू झाला, की आकडा वर. लग्नं लागली की आणखी वर. मिरगाचा पाऊस पडला की पुन्हा खाली. जमादार म्हणायचा, “ह्ये काय आपल्या खिंडीचंच न्हाई. साऱ्या देशाचा फळा एक केला, तरी असाच चढंल आन् असाच उतरंल.”

पण ड्रायव्हर लोकांचं म्हणणं वेगळं. ते म्हणायचे, खिंड महिन्याच्या महिन्याला आपला वाटा घेते. कोरा महिना ती जाऊ देत नाही.

आणि त्या जानेवारीत फळा कोरा होता. महिन्याची शेवटची रात्र, आणि फळा कोरा!

बिरा खिंड उतरून टपरीपाशी आला, तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. ट्रॅक्टर उभा केला. खाली उतरला. सवयीनं एक दगड उचलला आणि मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली सारला.

गुंडाप्पानं चहा ओतला. “आज लई उशीर रं, बिरा?”

“पल्याडच्या चढाला टायर बसला, आप्पा. एकटाच. काढतोय कवा न् लावतोय कवा.”

“मग आता थांब की हितंच. सुंद्राची गाठ पडंल.”

“सुंद्रा? ती कशी काय?”

“आरं, निरोप आलाय कंडक्टरकडनं. तुजा दाजी म्हाळाप्पा तिला घिऊन येतोय जीपनं. बाळतपणाला. कामावनं सुटला की निघतो म्हनलाय. म्हंजी रातच्यालाच खिंड चढतील बघ. मामा होणार की रं लेका!”

बिरा हसला. सुंद्रा त्याची पाठची बहीण. आई गेल्यावर त्यानंच तिला खांद्यावर घेऊन मेंढरं राखली होती. त्यानं चहाची बशी तोंडाला लावली. आणि त्याची नजर गेली चाकाखालच्या दगडावर.

बशी तशीच राहिली हातात.

तुम्हाला कळलं असेल. तुम्हीही तेच करता. चढाला गाडी बंद पडली की चाकांखाली दगड लावायचे. चांगले मोठे, दोन हातांनी उचलायचे. काम झालं की गाडी ओढायची आणि निघायचं. भरल्या गाडीनं चढ धरलाय, मग खाली उतरून दगड काढायचे कुणी? थांबलं तर गाडी मागं सरकते. मग दगड राहतात तिथंच. रस्त्याच्या मधोमध. आपण पुढं.

बिराचे तीन दगड तिकडच्या चढावर राहिले होते. वळणाच्या तोंडाशी. एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी. वळण घेतल्याशिवाय दिसणार नाहीत आणि वळण घेतल्यावर वेळ मिळणार नाही. आणि त्याच वाटेनं सुंद्रा येणार होती.

“आप्पा, मी आलोच.”

“आरं कुठं? ह्या वक्ताला? बिरा! फळा कोरा हाय, ध्येनात घे! आज जाऊ नगंस!”

दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर त्या अरुंद रस्त्यावर वळवणार कसा? सायकलसुद्धा नव्हती कुणाची. बिरानं खांद्यावर घोंगडी टाकली आणि चालायला लागला. भराभरा. चंद्र नव्हता. थंडी अशी की कान दुखत होते.

खिंडीच्या तोंडाशी आला, तर कोकराचा आवाज.

बें… बें…

आता धनगराच्या पोराला काय सांगावं! घर पेटलेलं असलं तरी तो कोकराकडं वळून बघेल. रस्त्याच्या कडेला एवढंसं कोकरू, थरथरतंय. कुणाच्या तरी कळपातून चुकलेलं. बिरानं ते उचललं, घोंगडीत घेतलं आणि चालायला लागला. जाता जाता कडेच्या मेंढरांच्या वाड्यावर देऊ, म्हणाला.

दहा-वीस पावलं गेला असेल. कोकरू जड लागायला लागलं. त्याला वाटलं, चढ आहे. आणखी थोडा गेला. अगं आई! बोकडाएवढं वजन! हात भरून आले. गुडघ्याला काहीतरी घासायला लागलं. खाली बघतो तर कोकराचे पाय! लांबत लांबत रस्त्याला टेकलेले, फरफटत चाललेले! आणि वास. बिरानं जन्मभर कोकरं छातीशी धरली होती. त्यांना दुधाचा वास येतो, लोकरीचा येतो. ह्याला जळक्या टायरचा वास येत होता!

टाकलं त्यानं ते. पडल्याचा आवाज आला नाही. नुसतं कुणीतरी हसलं, दरीच्या बाजूला.

बिरा पळायला लागला. खिंड ओलांडली, पलीकडची उतरण लागली. कडेला किलोमीटरचा पांढरा दगड दिसला. बरं वाटलं त्याला. पुढं गेला. पुन्हा पांढरा दगड. आणखी पुढं गेला. पुन्हा तोच! तोच आकडा, तोच तुटका कोपरा! चकवा लागला होता, बाबांनो. चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच जागी फिरतो. म्हातारी माणसं म्हणतात, खाली बसावं, उजाडायची वाट बघावी. पण बिरा बसणार कसा? उजाडेपर्यंत सुंद्रा कुठं असणार?

तो थांबला. डोळे मिटले. आणि पायातल्या वहाणा काढल्या.

भरलेली ट्रॉली चढाला हिसके खाते तेव्हा ऊस सांडतो की नाही? त्याचाच ऊस सांडला होता, त्याच रस्त्यावर. डोळे मिटून तो पायानं चाचपत निघाला. पायाखाली एक कांडं लागलं. पुढं उसाचं पाचट लागलं. पुन्हा कांडं. पांढरा दगड काय सांगतो ते बघायचं नाही, पाय काय सांगतो ते ऐकायचं. असा तो उतरत गेला, आंधळ्यासारखा. थंड डांबरावर पाय बधिर झाले, तरी गेला. आणि एकदम कानावर आलं,

“बिरादादा!”

डोळे उघडले. कडेला म्हाळाप्पाची जीप उभी. आणि जीपच्या फुटबोर्डवर सुंद्रा बसलेली, पोटावर पदर घेऊन, हातात पाण्याचा तांब्या.

“दादा, केवढा दमलाईस रं! ये, बस हितं. पानी पी.”

बिराच्या डोळ्यांत पाणीच आलं. “सुंद्रे! बरी हाईस न्हवं गं?”

“मला काय झालंय? आमी सुखरूप हाय की.”

तो बसणार तेवढ्यात ती हसून म्हणाली, “दगडांची काळजी करू नगंस. आमी काढलं त्ये.”

अर्धवट वाकलेला बिरा तसाच राहिला.

दगडांचं तर त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. गुंडाप्पालासुद्धा नाही.

त्यानं हळूच हात लांबवला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला. घाट चढून आलेली गाडी, बॉनेट कसं असतं? हात ठेववत नाही. हे थंडगार होतं. मढ्यासारखं थंड.

“बस की रं दादा,” सुंद्रा म्हणाली. आवाज तिचाच. अगदी तिचाच. “बस. आता धावून काय उपेग न्हाई.”

ऐका, ह्याहून वाईट भूत नाही. धाक दाखवणाऱ्यापासून माणूस पळून तरी जातो. पण सगळं ठीक आहे, तू बस, असं आपल्याच माणसाच्या तोंडून सांगणारं! बिरानं कानांवर हात ठेवले आणि पाठ फिरवून धावत सुटला. मागून ती हाका मारत होती. लहानपणी मारायची तशी, दादा, मला उचल, दादा, मला उचल. तो थांबला नाही. रडत होता, पण थांबला नाही.

वळण आलं. तीन दगड तिथंच होते.

आणि खाली, घाटाच्या पायथ्याशी, दोन दिवे दिसले. चढत होते.

पहिला दगड त्यानं उचलून कडेला टाकला. दुसरा लोटला. तिसऱ्याला हात घातला. दगड हलेना. पुन्हा जोर लावला. हलेना! वर बघितलं तर दगडावर एक माणूस बसलेला. जवान पोरगा. डोक्याला फेटा, तो अर्धा सुटलेला. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. कपाळ एका बाजूनं आत गेलेलं.

“उठ की रं, बाबा,” बिरा म्हणाला. “बहीण येतीया माझी.”

“मी बी बहिणीच्या हळदीलाच निघालो हुतो,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “गेल्या साली. फेब्रुवारीत. तुमच्या जमादारानं फळ्यावर मृत एक लिव्हलं हुतं बघ. त्यो एक म्हंजी मी.”

तो एकाचा आकडा बिरानं वाचला होता. चहा पिता पिता. एकच हाय, म्हणाला होता, ह्या बारीला कमी हाय.

“हितंच एक दगड हुता,” पोरगा म्हणाला. “अस्साच. कुणीतरी लावल्याला, न् सोडून गेल्याला. कुणाचा हुता रं त्यो?”

खालचे दिवे एका वळणामागं गेले. पुन्हा दिसले. इंजिनचा आवाज यायला लागला.

बिरा आठवायला लागला. गेल्या साली फेब्रुवारीत आपण इथं थांबलो होतो का? त्याला आठवेना. किती चढांवर थांबला होता. किती दगड लावले होते. एकही उचलल्याचं आठवेना.

“मला ठावं न्हाई, भावा,” तो म्हणाला. “खरंच ठावं न्हाई. पर माझाच असंल.”

मग तो पोरगा उठला. हळूच उठला, पाय दुखत असल्यासारखा.

दगड हलला! बिरानं तो छातीशी कवटाळला आणि कडेकडं वळला. तेवढ्यात जीप वळणावर आली. उजेड डोळ्यांत. म्हाळाप्पानं ब्रेक मारला, गाडी डोंगराच्या अंगाला ओढली, मडगार्ड बिराच्या कमरेला लागलं, बिरा पडला आणि दगड त्याच्या पायावर आला. हाड मोडल्याचा आवाज जीपमध्ये ऐकू गेला.

सुंद्रा उतरली ती किंचाळतच. “दादा! आरं दादा, तू हितं रस्त्यात काय करतुयास?”

बिरानं तिचा हात धरला. गरम होता. मग बॉनेटला हात लावला. चटका बसला. तेव्हा कुठं तो मोठ्यानं रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारानं जानेवारी लिहून काढला. मृत, काही नाही. जखमी, एक. मग फडक्यानं पुसून टाकला. सुंद्राला मुलगी झाली, चांगली खुटखुटीत. बिराचा पाय मात्र सरळ झाला नाही. ट्रॅक्टर सुटला. पण जगला तोपर्यंत रोज संध्याकाळी, लंगडत लंगडत, हातात पहार घेऊन तो खिंडीत जायचा आणि रस्त्यावरचे दगड कडेला लोटायचा. वळणावर तो मोठा ढीग दिसतो ना, ज्याला तुम्ही देवाचा समजून हात जोडता? तो त्याचा.

बिराला जाऊनही बरीच वर्षं झाली. आता तिथं दगड काढायला कुणी जात नाही. आणि परवा चौकीवरून आलो, तर फळा पुन्हा चढायला लागलाय.

म्हणून सांगतो, पोरांनो. रातीचं त्या खिंडीनं जाऊ नका. लांबचा पडला तरी खालचा रस्ता धरा. वाटेत कोकरू ओरडलं तर उचलू नका. आपलं माणूस बस म्हणालं तर बसू नका.

शेकोटीवर माती टाका आता, आणि जरा पाठ टेका. रांगेत तुमच्या ट्रॉल्या उभ्या आहेत. सगळ्यांच्या चाकांखाली दगड आहेत, येताना बघितलं मी. सकाळी नंबर लागला की घाई करू नका. आधी खाली वाका. आणि दगड हलत नसला, तर शिव्या घालू नका त्याला. वर कोण बसलंय, ते आधी विचारा.